मदत हवी आहे: 'जेट' लिहावे की 'रॉकेट'?

मुद्रितशोधक: जड भार घेऊन आखूड धावपट्टीवरून उडता यावे म्हणून विमानाला जे जादा साधन बसवतात, त्याला मराठीत काय म्हणावे? छायाचित्राखालच्या मूळ इंग्रजी ओळीत 'जेट' आहे, संपादकांनी ते खोडून 'रॉकेट' केले आहे आणि अंक उद्या सकाळी छपाईला जायचा आहे. कृपया एकच शब्द सांगावा, इतिहास नको.

चिकित्सक: विमान कोणते आणि कोणत्या देशाचे, हे कळल्याशिवाय शब्द कसा सांगणार?

धावपट्टी: इतिहास नको म्हणता, पण घोळ तिथलाच आहे. 12 ऑगस्ट 1941 रोजी कॅलिफोर्नियातील मार्च फील्डवर होमर बूशी यांनी एरकूप हे छोटे विमान ज्या नळकांड्यांच्या जोरावर उडवले, ती घन इंधनाची रॉकेटेच होती. परंतु त्या काळी 'रॉकेट' म्हटले की विद्वान मंडळी हसत असल्यामुळे शास्त्रज्ञ फॉन कारमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जेट' हा शब्द पुढे केला, आणि त्यातून 'जॅटो' (जेट-असिस्टेड टेक-ऑफ, म्हणजे जेटच्या साहाय्याने उड्डाण) हे नाव रूढ झाले. संपादकांचेच बरोबर आहे.

शब्दवेल्हाळ: मराठीत 'अग्निबाण' असताना रॉकेट कशाला? 'अग्निबाण-साहाय्यित उड्डाण' असे लिहावे.

धावपट्टी: त्याने वाचकाला अवकाशयान आठवेल. ब्रिटिश नौदलाने आपल्या साधनाला 'रॅटॉग' (रॉकेट-असिस्टेड टेक-ऑफ गिअर) म्हणताना रॉकेट हा शब्द निःसंकोच ठेवला होता. आपल्यालाच संकोच का वाटावा?

जुनी_विमाने: जर्मनांच्या वाल्टर या अशाच रॉकेट-साधनात हायड्रोजन पेरॉक्साइड वापरीत. ते सुमारे 30 सेकंद 500 किलोंचा रेटा देई आणि उड्डाणानंतर पॅराशूटने खाली सोडून पुन्हा वापरले जाई.

चिकित्सक: माहिती रंजक आहे, पण ती कोणी विचारली नव्हती. मुद्रितशोधक, विमान कोणते?

मुद्रितशोधक: आपल्या वायुसेनेचे पॅकेट हे मालवाहू विमान, दोन शेपट्यांचे. साधन पाठीवर आहे. विषय भारतीय वायुसेनेचाच असल्यामुळे हे वेगळे सांगावे असे वाटले नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ: मग वरचा सगळा वाद या चित्राला लागूच होत नाही. हिमालयातल्या उंचीवर पॅकेटची दोन पिस्टन इंजिने कमी पडत, म्हणून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने तिच्या पाठीवर ऑर्फियस इंजिन चढवले. नॅट या लढाऊ विमानात असे, त्याच कुळातले. ते बाहेरची हवा ओढून इंधन जाळते, म्हणजे खरेखुरे जेट आहे. रॉकेट ज्वलनासाठी लागणारा ऑक्सिजनही स्वतःबरोबरच नेते. आम्ही त्याला 'जेट पॅक'च म्हणत असू.

धावपट्टी: मान्य. मी नळकांडी गृहीत धरली होती.

मुद्रितशोधक: आभार. संपादकांना आत्ताच कळवतो. ओळ अशी ठेवतो: 'पॅकेटच्या पाठीवरील जादा जेट इंजिन'.

शब्दवेल्हाळ: 'जादा'ऐवजी 'पूरक' करावे.