संस्थेला सीआरएम हवं की एक्सेल येणारी ताई?

हिंजवडीकर (धागाकर्ता)
दोन वर्षं दर शनिवारी एका वसतिगृहाच्या संस्थेत फुकट राबलो. सेल्सफोर्स ही कंपनी तिच्या सीआरएमची, म्हणजे देणगीदारांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरची, दहा लायसन्स अशा संस्थांना मोफत देते, म्हणून उत्साहाने सगळे देणगीदार त्यात चढवले. मग नोकरी बदलली, बंगळूरला गेलो. सहा महिन्यांनी डोकावलो तर ऑफिसमधल्या ताई पुन्हा वहीत नोंदी करत होत्या. पासवर्ड कुणालाच आठवेना. चूक माझीच. स्वयंसेवकाने नवं सॉफ्टवेअर आणूच नये, एक्सेलची चार सूत्रं शिकवावीत आणि निघावं.

जमाखर्च
साफ असहमत. न्यासांचे हिशेब बघणं हा माझा धंदा. २०२१-२२च्या देणग्यांपासून ८०जीवाल्या (म्हणजे ज्यांच्या देणगीदाराला करसवलत मिळते अशा) संस्थांना फॉर्म १०बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरण, आयकर खात्याकडे भरावा लागतोय, ३१ मेच्या आत, देणगीदाराच्या पॅन, आधार अशा एखाद्या ओळख क्रमांकासकट. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. वहीत काय असतं? "जोशीकाका, ५०१". मे महिनाभर आम्ही जोशीकाकांना शोधत हिंडतो. तुमची चार सूत्रं पॅन कुठून आणणार?

हिंजवडीकर
आणि सीआरएम कुठून आणणार? आयकराच्या पोर्टलवर शेवटी सीएसव्ही फाइल, म्हणजे साधा तक्ताच चढवायचा असतो. तो एक्सेलमध्ये होतो.

जमाखर्च
होतो, पण तीन जणांकडे तीन फायली असतात. त्यातली 'फायनल_नवी_२' खरी की 'फायनल_ताईंची', हे देवाला ठाऊक.

वहीवाली
मी अशाच एका संस्थेतली ताई, म्हणून बोलते. आमच्याकडे आजवर चार दादा आले, चार ॲप देऊन गेले. माझं काम कसं चालतं हे एकानेही विचारलं नाही. देणगीदाराला दप्तरवाटपाचा फोटो हवा असतो, कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाच्या पगाराला कुणी पैसे देत नाही. परदेशी देणगीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादाही २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २०वर आली. माणूसच नाही तर सॉफ्टवेअर चालवणार कोण? वही निदान लाईट गेली तरी उघडते.

जमाखर्च
पगाराचं पटलं. वहीचं नाही. ताई, पॅनचं काय करता मग?

वहीवाली
यंदा पावतीपुस्तकातच पॅनचा रकाना छापून घेतला. छापखान्यातल्या मुलाने सुचवलं. रकाना मोकळा दिसला की लोक आपणहून विचारतात, "इथे काय लिहू?"

हिंजवडीकर
दोन वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.