लॅकेसिस म्हणजे काली? (चर्चा)

रानजाई:
'तुमची देवता, तुमचं औषध' असा एक लेख काल इथे आला. होमिओपॅथीतलं लॅकेसिस हे औषध म्हणजे काली, नेट्रम मूर म्हणजे अशोकवनातली सीता, सल्फर म्हणजे भस्म फासलेला शंकर. रुग्णाची देवता ओळखा, औषध सापडलंच! मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची डॉक्टर आहे, रोज दवाखान्यात बसते. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय.

लॅकेसिस हे नाव होमिओपॅथीने दिलेलंच नाही. दोदँ नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या बुशमास्टर सापाच्या प्रजातीला ग्रीक नियतिदेवीचं नाव ठेवलं. हेरिंग या होमिओपॅथने सुरिनाममध्ये त्या सापाच्या विषावर काम केलं १८२८ साली. अखंड बडबड, संशयी मत्सर, झोपेतून उठल्यावर त्रास वाढणं, गळ्याशी कॉलर सहन न होणं, ही लक्षणं प्रूव्हिंगमधून, म्हणजे निरोगी माणसांना औषध देऊन केलेल्या नोंदींतून, आणि नंतरच्या रुग्णांवरून नोंदली गेली. ती ग्रीक देवी आयुष्याचा धागा मोजते. तिच्यातून यातलं एक तरी लक्षण निघतं का? मग काली कुठून आणली?

होमिओपॅथीचा जनक हानेमान याने 'ऑर्गेनन' या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच सूत्रात सांगितलंय की रुग्णाला बरं करणं हेच वैद्याचं एकमेव काम. तळटीपेत पोकळ कल्पनांवर पद्धती रचणाऱ्यांची त्याने हजेरी घेतलीय. वनस्पतीच्या रूपावरून तिचे गुण ठरवणाऱ्यांनाही त्याचा विरोध होता. त्याच्याच नावाने हे चाललंय, याचा मला संताप येतो.

मेघमल्हार:
लेख माझा आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे. एडवर्ड व्हिटमाँट न्यूयॉर्कचे, मानसशास्त्रज्ञ युंगच्या पंथाचे मनोविश्लेषक होते आणि होमिओपॅथही. औषधांकडे आदिबंध, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात वसणाऱ्या मूळ प्रतिमा, म्हणून बघण्याची वाट त्यांच्यासारख्यांनी घालून दिली, मी काही शोध लावलेला नाही. सल्फरला 'फाटक्या कपड्यातला तत्त्वज्ञ' म्हणतात ते कुठल्या प्रूव्हिंगमध्ये आलं, सांगा. चित्रच आहे ना ते? आणि वर्गात तेच शिकवतो आपण.

नेट्रम मूर घ्या. मनात धरून ठेवलेलं जुनं दुःख, एकटीने रडणं, कुणी समजूत घातली की चिडणं. विद्यार्थ्याला ही यादी परीक्षेनंतर आठवत नाही. सीता म्हटलं की आठवते.

खारीक:
दोघांनाही एकच प्रश्न. एक 'सी' म्हणजे औषध एकदा शंभरपट पातळ करणं. १२ सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूसुद्धा उरण्याची शक्यता जवळपास संपते. ३० सी म्हणजे एकावर साठ शून्यं इतकं पातळ. काली की नियतिदेवी हा वाद त्या बाटलीत नसलेल्या गोष्टीवर चाललाय.

रानजाई:
खारीक, त्या वादासाठी वेगळा धागा काढा, तिथे येते. इथे प्रश्न असा आहे की आमच्याच शास्त्राचे आमचेच नियम आम्ही पाळतो का.

गावशीव:
मला होमिओपॅथीतलं कळत नाही, सापांतलं कळतं. लेखात लॅकेसिसला तीनदा 'नागविष' म्हटलंय. बुशमास्टर नाग नाही! त्याला फणा नसतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारी खाच असलेल्या सापांतला तो, आपल्या आंबोलीच्या चापड्याचा भाऊबंद. नागाचं औषध नाजा, ते वेगळं. आणि नाग म्हणजे मत्सर हे कुणी ठरवलं? नागपंचमीची कहाणी काढा. नांगराचा फाळ लागून पिल्लं मेली, नागिणीने घरादाराला दंश केला, मग लेकीच्या गावी गेली. लेक पाटावर नाग काढून पूजा करत होती. नागीण तिच्यावर प्रसन्न झाली, अमृत देऊन सगळ्यांना उठवलं. आमच्याकडे त्या दिवशी चिरणं नाही, तवा नाही, पुरणाची दिंडं उकडायची. बायका भावासाठी उपास करतात. नाग आम्हाला राखणदार. मग आदिबंध सगळ्या जगाचा एकच कसा?

मेघमल्हार:
सूडाने पेटलेली आई आणि जीव देणारी आई एकाच नागिणीत. कालीचं रूप याहून वेगळं काय आहे? माझाच मुद्दा तुम्ही मांडलात.

गावशीव:
अजिबात नाही. काहीही सांगितलं तरी तुमच्या साच्यात बसतंय, याचा अर्थ साचा फार सैल आहे.

कृष्णाकाठ:
नागपंचमीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी शिराळ्याच्या बाजूचा. २००२ मध्ये हायकोर्टाने जिवंत नागांच्या पूजेवर बंदी आणली आणि शहरातल्या लोकांना आनंद झाला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नाग धरून पुन्हा रानात सोडत.

गावशीव:
सोडत, पण त्याआधी मडक्यात किती दिवस ठेवत तेही लिहा. नाग दूध पचवू शकत नाही. तहानेने पितो बिचारा.

कृष्णाकाठ:
दूध पाजणारे गारुडी वेगळे, आम्ही वेगळे. एका काठीने सगळ्यांना हाकू नका!

गावशीव:
बरं, गारुडी वेगळे, मान्य. मडक्याचं उत्तर अजून आलं नाही. माझ्या चुलत्याला घोणस चावली तेव्हा आधी मांत्रिकाकडे नेलं होतं. प्रतिसर्पविष मिळायला उशीर झाला आणि पायाची दोन बोटं गेली. सापाला देव करा, पण आधी त्याला साप म्हणून ओळखा.

मिरीदाणा:
सापावरून परत माणसावर या. माझ्या वहिनीला एका डॉक्टरांनी 'तू पक्की सेपिया', म्हणजे सेपिया या औषधाच्या साच्यातली, म्हणून सांगितलं. थकवा, घरच्यांत मन न लागणं, थंडी सहन न होणं. संसाराला विटलेली स्त्री, कुठलीशी देवी, असं तासभर समजावलं. तिला ते इतकं पटलं की सात-आठ महिने दुसरीकडे गेलीच नाही. केस मूठमूठ यायला लागले तेव्हा मी रक्त तपासायला नेलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की वाढणारं संप्रेरक, चाळीसच्या वर! थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत ती पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली. तिचं घरच्यांवरचं प्रेम आटलेलं नव्हतं हो. ती आजारी होती.

मेघमल्हार:
वाईट वाटलं. पण तपासणी न करणं ही त्या डॉक्टरांची चूक, प्रतीकाची नव्हे. आणि तासभर ऐकून घेणारा डॉक्टर तिला आणखी कुठे भेटला असता?

मिरीदाणा:
त्यांनी ऐकलं नाही, सांगितलं. फरक आहे.

रानजाई:
हेच. हानेमान म्हणतो रुग्णाला बोलू द्या, मध्ये तोडू नका, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. देवी आधी ठरली की पुढचं सगळं तिच्याच कानांनी ऐकू येतं. बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक देवी अ‍ॅट्रोपॉसचं नाव दिलं, ते मला चालतं. विषाने माणूस मरतो हे माहीत होतं, नाव नंतर आलं. तुम्ही क्रम उलटा करताय.

मेघमल्हार, पुढचा लेख लिहाल तेव्हा प्रत्येक लक्षणापुढे ते कुठून आलं ते नोंदवा. प्रूव्हिंगमधून, विषबाधेतून, रुग्णांवरून की पुराणातून.

मेघमल्हार:
नोंदवीन. नागविषही दुरुस्त करतो, गावशीव यांचं बरोबर आहे. पुराणाचा रकाना मात्र काढणार नाही.

रानजाई:
ठेवा. औषध त्या रकान्यावरून देऊ नका, एवढंच.