‘एक स्टॉप’ला मराठीत काय म्हणावं?

पठारवाट (सातारा)
कासला फुलांच्या हंगामात नवा डिजिटल कॅमेरा घेऊन येणाऱ्यांसाठी मॅन्युअल मोडवर (सगळी सेटिंग आपल्या हातानं ठेवायच्या पद्धतीवर) एक छोटं टिपण लिहितोय. बाकीचं लिहून झालंय, एका शब्दापाशी गाडी अडली आहे: स्टॉप.

टिपणातलं वाक्य असं आहे (मीटर म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं माप): ‘गेंदाच्या पांढऱ्या फुलांवर मीटर शून्यावर आणलंत तर फुलं मळकट येतील, एक स्टॉप जास्त उजेड द्या.’ आमच्या ग्रूपमधल्या एका ताईंना वाचायला दिलं. त्यांनी चाक एक खटका फिरवलं आणि म्हणाल्या, फूल अजून राखाडीच दिसतंय. दिसणारच. बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाचा एक खटका म्हणजे स्टॉपचा तिसरा हिस्सा असतो, तीन खटक्यांचा मिळून एक स्टॉप. दुसऱ्या एकानं विचारलं, ‘स्टॉप म्हणजे नेमकं कुठं थांबायचं?’

उजेड दुप्पट होणे किंवा निम्मा होणे, एवढाच अर्थ सांगणारा शब्द हवा आहे. तो दुप्पट ॲपर्चरनं (भिंगाच्या छिद्रानं) झाला, शटरनं (उजेड आत येऊ द्यायच्या वेळेनं) झाला की आयएसओनं (चित्र कमीजास्त उजळ करणाऱ्या आकड्यानं), तिन्हीकडे चालला पाहिजे. ‘पायरी’ लिहू की ‘टप्पा’?

शुद्धलेखणी
मॅन्युअल, मोड, मीटर, ॲपर्चर, शटर हे सगळं तसंच ठेवून एकट्या स्टॉपला मराठी करण्यात काय हशील? करायचं तर नीट करा. एक्सपोजरला, म्हणजे चित्राला मिळणाऱ्या एकूण उजेडाला, ‘उद्भासन’ हा शब्द आहे. शटरला झडप, लेन्सला भिंग, ॲपर्चरला छिद्र. स्टॉपसाठी ‘प्रकाशपद’ करता येईल. एक प्रकाशपद वाढवा, दोन प्रकाशपदे कमी करा. शब्द आधी परका वाटतो, वापरला की रुळतो. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हेही एके काळी घडवलेलेच शब्द होते.

कृष्णाकाठ (सांगली)
रोलच्या जमान्यात सांगलीत एका स्टुडिओत हाताखाली काम केलंय. ‘उद्भासन’ तिथं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. निगेटिव्ह धुऊन उजेडात धरली की मालक दोनच शब्द बोलायचे, ‘जाड आलीय’ नाहीतर ‘पातळ आलीय’. जाड म्हणजे उजेड जास्त झाला, पातळ म्हणजे कमी पडला. गिऱ्हाईकाला तेवढंही सांगायची गरज पडायची नाही.

स्टॉपला आमच्यात ‘घर’ म्हणायचे. ‘एक घर उघड’, ‘दोन घरं मीट’. भिंगाच्या कड्यावर २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असायचे, एका आकड्यावरून दुसऱ्यावर गेलं की एक घर. शटरच्या चकतीवरही तेच, ६०, १२५, २५०. सोंगट्यांच्या पटावरच्या घरासारखं. तुमच्या टिपणात बिनधास्त घर लिहा, गडी चुकायचा नाही.

घाटमाथा (कराड)
भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

‘घर’ छान आहे, आणि त्या काळी ते अचूकही होतं, कारण आकड्यांची ती माळच एकेका स्टॉपची आहे. भिंगाचं नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, हा तो आकडा. म्हणून आकडा वाढला की छिद्र लहान होतं. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर, त्यामुळे प्रकाश निम्मा करायला आकडा दुप्पट करावा लागत नाही, साधारण १.४ पट पुरतो. २.८ नंतर ४ आणि ४ नंतर ५.६ का, याचं उत्तर एवढंच.

‘पायरी’ला मात्र माझा विरोध आहे. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात, इथे प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. १/६० वरून १/३० वर आलात तर १/६० सेकंद वाढला, १/३० वरून १/१५ वर आलात तर १/३० सेकंद वाढला. दोन्ही वेळा वाढला एक स्टॉपच. पायरी म्हटलं की शिकणाऱ्याच्या मनात बेरीज येते, इथे गुणाकार आहे.

मूळ इंग्रजी शब्दाचाही थांबण्याशी संबंध नाही, अडवण्याशी आहे. जॉन वॉटरहाऊस या छायाचित्रकारानं १८५८ मध्ये भिंगाच्या नळीला खाच पाडून तीत वेगवेगळ्या आकाराच्या भोकांच्या पितळी पट्ट्या सरकवायची पद्धत काढली. ती पट्टी म्हणजे स्टॉप, बाजूचा प्रकाश अडवणारी. पुढे त्या पट्ट्यांमधल्या अंतरालाच लोक स्टॉप म्हणू लागले. शब्दशः जायचं तर ‘आड’ किंवा ‘अडसर’ म्हणावं लागेल, पण ‘एक अडसर जास्त द्या’ म्हटलं तर अर्थ नेमका उलटा होतो.

तबलजी (मिरज)
गुणाकारच हवा असेल तर आमच्याकडे शब्द तयार आहे. ठाय (मूळ लय), दुगुन (दुप्पट), चौगुन (चौपट). एक स्टॉप वाढवला म्हणजे उजेडाची दुगुन, दोन वाढवले की चौगुन, तीन वाढवले की आठ पट. ताल शिकलेल्या मुलाला एका वाक्यात समजेल.

घाटमाथा
वाढवताना हे फार सुंदर बसतं. उतरताना काय? ‘एक दुगुन कमी करा’ म्हटल्यावर निम्मं करायचं हे कळायला थांबावं लागतं. आणि स्टॉपचा तिसरा हिस्सा कसा सांगणार?

तबलजी (मिरज)
दुगुनीतून परत ठायीत येतोच की आम्ही. उतरणं त्यात आहेच, तुम्ही ते ऐकलेलं नाही एवढंच.

माणदेशी
सगळं वाचलं. मला वाटतं तुम्ही उजेड आकड्यातनंच बघताय. आमच्याकडं उजेडाची मापं शब्दातच हुती. झुंजुमुंजू झालं, तांबडं फुटलं, दिस कासराभर वर आला, उन्हं कलली, कडूसं पडलं. कासरा म्हंजे बैलाची दोरी, तेवढा दिस डोंगराच्या वर. आजा घड्याळ न बघता सांगायचा आन् चुकायचा न्हाई. मायणीच्या तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढाय जातो तवा मी असंच ध्यानात ठेवतो, कासराभर दिसाला काय सेटिंग, कडूसं पडल्यावर काय. नवशिक्याला ह्येच सांगा. स्टॉप कशाला पायजे?

कृष्णाकाठ (सांगली)
माणदेशी, रोलच्या खोक्यातही हेच असायचं! आत छापलेल्या कागदावर सूर्याचं चित्र, ढगाचं चित्र आणि पुढं आकडा. कडक ऊन असेल तर एफ १६ (भिंगाच्या कड्यावरचा १६), आणि शटर रोलच्या आकड्याच्या जवळपास. १०० चा रोल असेल तर १/१२५, २०० चा असेल तर १/२५०. ढगाळलं की घर उघडायचं. मीटर नसताना कित्येकांनी आख्खी लगीनसराई यावर काढली. डिजिटलवरही ते तसंच चालतं, करून बघा.

आणि त्या खोक्यावर दोन आकडे असायचे, १०० आणि त्यापुढे २१ वर डिग्रीचं चिन्ह. २०० च्या रोलवर २४. तो दुसरा आकडा कशाचा हे मला स्टुडिओत कुणीच सांगितलं नाही.

घाटमाथा
पहिला अमेरिकी एएसए मापाचा, दुसरा जर्मन डीआयएन मापाचा. १९७४ मध्ये दोन्ही एकत्र करून आयएसओ आलं. आणि तुमच्या त्या दुसऱ्या आकड्यात पठारवाट यांच्या अडचणीचं मूळ दिसतं. १०० चे २०० झाले म्हणजे एक स्टॉप, तिकडे २१ चे २४, म्हणजे तीन अंश. एक अंश म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, आजच्या चाकाचा एक खटका! तीन भाग करायची सवय रोलच्या काळापासूनची आहे.

तेव्हा माणदेशी यांना उत्तर: कडूसं पडलं हे डोळ्याला कळतं, पण कासराभर दिवसाचं सेटिंग कडूसं पडल्यावर किती बदलायचं हे मोजायला माप लागतंच. मीटर तर समोर काय आहे ते जाणत नाही. त्याला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. पांढरं गेंद दाखवा, काळी म्हैस दाखवा, तो दोघांनाही राखाडी करायला सांगणार. गेंदाला उजेड वाढवायचा, म्हशीला कमी करायचा, हे माणसानं ठरवायचं. कासच्या धुक्यातही हेच होतं, धुकं फिकट राखाडी न येता मळकं येतं.

रानवाट
शिकणारी म्हणून सांगते, मला स्टॉपनं छळलं नाही, ‘मोठं ॲपर्चर’ या शब्दांनी छळलं. कुणी म्हणे मोठं ठेव, मी १६ ठेवायची. त्यांना २.८ हवं असायचं. शटरवर ६० लिहिलेलं असतं ते प्रत्यक्षात १/६०. म्हणजे हे दोन्ही आकडे वाढले की उजेड कमी होतो आणि आयएसओ वाढला की चित्र उजळतं. कृष्णाकाठकाकांचं ‘उघड’ आणि ‘मीट’ वाचून पहिल्यांदा हायसं वाटलं. आकडा उच्चारायचाच नाही, भोक उघडलं की मिटलं एवढं बोलायचं.

शुद्धलेखणी
‘भोक’ नको. छापील टिपणात तो शब्द ओबडधोबड दिसतो. छिद्र म्हणा.

माणदेशी
भोक का नको? सुईला भोक असतं, बासरीला भोक असतं. छिद्र बासरीला म्हटलं म्हणून सूर वाढतो का?

शुद्धलेखणी
सूर वाढत नाही, नेमकेपणा वाढतो. भोक पडतं, छिद्र असतं. भिंगातलं ते मुद्दाम ठेवलेलं आहे. आणि नेमकेपणाचाच प्रश्न आहे तर टिपणात आयएसओला ‘संवेदनशीलता’ लिहिलं आहे का, तेही पाहा. मी बऱ्याच ठिकाणी तसं वाचलं आहे.

पठारवाट (सातारा)
हो, तसंच लिहिलंय. चुकीचं आहे?

घाटमाथा
रोलच्या बाबतीत बरोबर होतं, २०० चा रोल खरोखर १०० पेक्षा संवेदनशील. डिजिटलमध्ये सेन्सर (रोलच्या जागी उजेड पकडणारा भाग) तोच राहतो. आयएसओ वाढवलं की त्यानं पकडलेला संकेत मोठा करून दाखवला जातो. म्हणून ‘वर्धन’ म्हणणं योग्य. दाणे दिसतात ते मुख्यतः मुळात उजेड कमी पोचल्यामुळे. हे ‘संवेदनशीलता’ या शब्दाआड झाकलं जातं, आणि शिकणारा शटर व छिद्राकडे न बघता आयएसओच फिरवत बसतो.

रानवाट
मग आयएसओवर एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट नाहीच! चित्र दुप्पट उजळ, उजेड तेवढाच. पठारवाटदादा, तुमची व्याख्या तिथे बसत नाही.

पठारवाट (सातारा)
हे खरं आहे. ‘उजेड’ऐवजी ‘उजळपणा’ लिहावं लागेल. तरी नाव अजून ठरलेलं नाही. मी ‘घर’कडे झुकलोय.

रानवाट
‘घर’ वाचून ताई पुन्हा एक खटकाच फिरवतील. आजच्या पडद्यावर ८, ९, १०, ११ असे आकडे येतात. आठावरून नवावर गेले, एक घर झालं, असंच कुणालाही वाटेल. कृष्णाकाठकाकांच्या कड्यावर मधले आकडेच नव्हते.

कृष्णाकाठ (सांगली)
मग मधल्या आकड्यांना घर म्हणूच नका. ती ओसरी. तीन ओसऱ्या ओलांडल्या की घर.

शुद्धलेखणी
हे आता फार झालं. शिवाय ‘फोटो’ का? प्रकाशचित्र म्हणा. छायाचित्र हाही शब्द मुळात चूक, चित्र प्रकाशानं उमटतं, सावलीनं नाही.

तबलजी (मिरज)
संस्कृतात छाया म्हणजे नुसती सावली नव्हे. प्रतिबिंब, कांती हेही अर्थ आहेत. छायाचित्र अगदी बरोबर आहे, त्याला हात लावू नका. आणि परक्या शब्दांचं म्हणाल तर घरातला ‘कमरा’ पोर्तुगीजांकडून आला आणि ‘कॅमेरा’ लॅटिनमधून, दोघांचं मूळ एकच, खोली. कमरा चालतो, कॅमेरा चालतो, मग स्टॉपवरच आक्षेप का?

माणदेशी
आन् फोटो आमी ‘काढतो’, रांगोळी काढतो तसा. हिंदी बघून ‘खेचतो’ म्हणणारी पोरं वाढल्यात, त्यांचं काय करायचं ते आदी सांगा.

शुद्धलेखणी
त्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. ‘टिपणे’ही उत्तम आहे. ‘खेचणे’ला मराठीत थारा नको.

रानवाट
पक्ष्याचा टिपते, फुलाचा काढते. मैत्रिणी ‘खेच’ म्हणतात तेव्हा मीही खेचते, त्यात मला काही गैर वाटत नाही.

पठारवाट (सातारा)
छापायला देण्याआधी पुन्हा विचारतो: ‘तीन खटके, म्हणजे एक स्टॉप’ असं पहिल्या पानावर ठळक लिहून पुढे स्टॉपच वापरला, तर कुणाची हरकत आहे का?

शुद्धलेखणी
माझी आहे.

घाटमाथा
माझीही, पण वेगळ्या कारणानं. काही कॅमेऱ्यांत खटका अर्ध्या स्टॉपचा लावता येतो. तिथे दोनच खटके.