मुलांना आणि आईवडिलांना संशोधनात सामील करून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न (नर्सिंगची विद्यार्थिनी)

एमएस्सी नर्सिंग करतेय, विषय बालरुग्ण परिचर्या. प्रबंध असा: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना सलाईनची सुई लावताना त्यांचं लक्ष दुसरीकडे वेधलं तर वेदना कमी होतात का. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) जवळजवळ तयार आहे. पालकांची संमती आणि मुलांचं असेंट (मुलाचा स्वतःचा होकार) त्यात आहेच, पण गाईड मॅडमनी समासात लिहिलंय, "अभ्यास आखताना मुलं आणि कुटुंबं कुठे होती?" हे कसं करतात? ६ वर्षांचं मूल संशोधनाबद्दल काय सांगणार? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

उत्तर (मुलांच्या वॉर्डमधली सिस्टर)

सिनॉप्सिस जमा करायच्या आधी हे विचारलंत ते फार चांगलं झालं. एकदा एथिक्स कमिटीकडे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे) कागद गेले की बदल करणं जिवावर येतं आणि मग मुलांना विचारणं ही नुसती औपचारिकता उरते. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं विचारणं. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. तुमच्या मॅडमना बहुधा हीच भीती असावी.

६ वर्षांचं मूल काय सांगणार, हे माझ्याच कामातून सांगते. तुमच्यासारख्याच एका अभ्यासाच्या आधी आम्ही पूर्वी ॲडमिट होऊन गेलेल्या काही मुलांना बोलावलं होतं. वेदना मोजायची ती सुई टोचताना, असं आम्ही धरून चाललो होतो. मुलं सुईबद्दल थोडंच बोलली. एक मुलगी म्हणाली, "सुईचं काही नाही, पण सगळे मिळून धरून ठेवतात ना, ते नको." दुसऱ्याला छळत होतं ते दाराबाहेर थांबणं, कारण आतल्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. आणि चिकटपट्टी ओढून काढतात तेव्हा सुईपेक्षा जास्त दुखतं, यावर तर सगळ्यांचं एकमत! त्यानंतर आम्ही तीन वेळा मोजायचं ठरवलं: थांबलेले असताना, सुई लावताना आणि पट्टी काढताना. मूल किती जणांनी धरलं होतं, हेही फॉर्मवर आलं. इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या आम्हा कुणाच्याही यादीत यातलं काही नव्हतं.

वेदना मोजायला चेहऱ्यांची पट्टी वापरणार असाल तर तीही मुलांसमोर ठेवून बघा. काही पट्ट्यांमध्ये पहिला चेहरा हसरा असतो आणि शेवटच्याला अश्रू असतात. दुखत नसलं तरी घाबरलेलं मूल हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवत नाही, आणि खूप दुखूनही न रडणारं मूल अश्रूंचा चेहरा टाळतं. २००१ मध्ये आलेल्या 'फेसेस पेन स्केल रिव्हाइज्ड' या पट्टीत सहा चेहरे आहेत आणि हसू-अश्रू मुद्दाम ठेवलेले नाहीत. तुम्हाला भीती आणि वेदना वेगवेगळ्या मोजायच्या असतील तर हा फरक महत्त्वाचा आहे.

असेंटचा फॉर्मही मुलांकडून वाचून घ्या. आमच्याकडे पहिलाच प्रश्न आला, "नाही म्हटलं तर सिस्टर रागावतील का?" त्याचं उत्तर आम्ही फॉर्मच्या अगदी वर घातलं, ठळक अक्षरात.

कुणाला बोलवायचं? सध्या वॉर्डात ॲडमिट असलेल्यांना नको. ज्यांचं मूल आपल्या हातात आहे ते आईवडील आपल्याला नाही म्हणू शकत नाहीत. डिस्चार्ज होऊन गेलेली किंवा फॉलोअपला येणारी मुलं बघा, आणि त्यांना विचारणारी व्यक्ती त्यांची शुश्रूषा करणारी नको. सल्ला देणारं मूल हे अभ्यासातलं सब्जेक्ट (ज्याच्यावर अभ्यास होतो ते) नसतं, पण तरी त्यासाठी परवानगी लागते का, हे तुमच्या एथिक्स कमिटीला लेखी विचारून घ्या. ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात.

आईवडिलांशी वेगळं बोला, मुलांशी वेगळं. एकत्र बसवलं की प्रश्न मुलाला आणि उत्तर आईचं, असं होतं. आणि येण्याजाण्याचा खर्च आपण द्यायचा, हे बजेटमध्ये आधीच लिहा.

उत्तर (नेफ्रोटिक सिंड्रोम हा किडनीचा आजार असलेल्या मुलाची आई)

सिस्टरांनी लिहिलंय ते पटलं. आईच्या बाजूने थोडं सांगते.

माझ्या मुलाच्या आजारावरच्या एका अभ्यासात आमच्याकडून फॉर्म भरून घेतला होता. लघवीत प्रोटीन किती, आजार किती वेळा उलटला, किती दिवस ॲडमिट, सगळं विचारलं. ते हवंच, मी स्वतः रोज सकाळी लघवीत तपासणीची पट्टी बुडवून वहीत लिहिते. पण स्टिरॉइड सुरू झालं की त्याचा चेहरा गोल होतो, भूक आवरत नाही, चिडचिड इतकी होते की धाकट्या बहिणीवर हात उचलतो. वर्गातल्या फोटोच्या दिवशी तो शाळेत गेलाच नाही. यातलं काहीच फॉर्मवर नव्हतं. औषध "लागू पडलं" की नाही हे ठरवताना आमच्या घरात ज्यावर रोज रडारड होते ते मोजायला नको का?

आणखी एक विनंती, भावंडांनाही विचारा. मोठं आजारपण घरात आलं की त्यांचंही खूप काही बदलतं आणि त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

उत्तर (मुलांच्या वॉर्डमधली सिस्टर)

ताई, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. किडनीच्या दीर्घ आजारांसाठी 'सॉन्ग-किड्स' नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. प्रत्येक अभ्यासात काय मोजायलाच हवं, हे तिथे मुलं, पालक आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवलं. त्या यादीत किडनीच्या कामाच्या बरोबरीने शाळा, खेळ, मित्र अशा रोजच्या आयुष्यात भाग घेता येणं हेही आहे. घरच्यांना विचारलं नसतं तर ते तिथे आलं असतं असं मला वाटत नाही. भावंडांचा मुद्दा आमच्या पुढच्या बैठकीत नक्की मांडते.

उत्तर (अकरावीतला विद्यार्थी, दमा आहे)

मी एका अभ्यासाच्या सल्लागार गटात होतो. इनहेलर कधी विसरतो, शाळेत सगळ्यांसमोर घ्यायला का नको वाटतं, हे सगळं आम्ही मनापासून सांगितलं. सरांनी लिहून घेतलं, खाऊ दिला, सर्टिफिकेट दिलं. पुढे काय झालं ते आजपर्यंत कळलेलं नाही. आमचं ऐकून काही बदललं का? नसेल बदललं तर का नाही? एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. आणि प्लीज, परीक्षेच्या दिवसांत बोलवू नका.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. मी सिनॉप्सिस थांबवतेय, मॅडमशी बोलले आहे. शेवटचं एकच, हे सगळं प्रबंधात लिहायचं कुठे?

उत्तर (मुलांच्या वॉर्डमधली सिस्टर)

आधी वरच्या मुलाचं मनावर घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) १२व्या कलमात मुलाच्या मताला वय आणि समज पाहून वजन द्यावं असं म्हटलंय, म्हणजे नुसतं ऐकून घेणं पुरत नाही. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये याच कलमाचे चार भाग पाडून दाखवले: बोलायला जागा, मत मांडायला मदत, ऐकणारं माणूस आणि त्या मताचा निर्णयावर परिणाम. बहुतेक ठिकाणी चौथा राहून जातो. प्रत्येक बैठकीनंतर मुलांना एक पानी पत्र पाठवा: तुम्ही हे म्हणालात, आम्ही हे बदललं, हे बदलता आलं नाही आणि त्याचं कारण हे.

त्याच पत्रांवरून प्रबंधातला भाग तयार होईल. संशोधनातला लोकांचा सहभाग कसा लिहायचा यासाठी २०१७ ची 'ग्रिप २' नावाची तपासयादी आहे, तिचं छोटं रूप फक्त पाच मुद्द्यांचं आहे: सहभाग कशासाठी घेतला, कसा घेतला, त्यातून काय निघालं, त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला आणि काय जमलं, काय नाही. अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात त्यासाठी वेगळं उपशीर्षक द्या. नाकारलेल्या सूचनाही लिहा. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) परीक्षक नेमकं तेच विचारतात.