शनिवारचा वर्ग: हिरवं बटण सरकवायचं की दाबायचं?

प्रेषक: सचिव
विषय: शनिवारचा वर्ग, चिठ्ठीची पहिली ओळ (तातडीचं)

सर्वांना नमस्कार,

परदेशातल्या आपल्या मंडळाने ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या शनिवारच्या व्हिडिओ कॉलच्या वर्गाची चिठ्ठी उद्या छापायला जायची आहे आणि पहिल्याच ओळीवर अडलंय. "फोन वाजला की हिरवं बटण वर सरकवा" अशी ओळ आहे. परवा कट्ट्यावर काही जणींना करून दाखवताना लक्षात आलं की फोन लॉक असेल तर सरकवावं लागतं, पण फोन उघडा असेल तर वरच्या बाजूला एक लहानशी पट्टी येते आणि तिच्यावरचं बटण नुसतं दाबायचं असतं. आयफोनचंही तेच: लॉक असेल तर सरकवा, नसेल तर दाबा. ज्यांनी "सरकवा" पाठ केलंय त्या पट्टीलाच सरकवतात. पट्टी नाहीशी होते, फोन वाजत राहतो आणि बाई गोंधळून जातात.

जुनी चिठ्ठी चालणार नाही. ती स्काइपची होती आणि स्काइप मे 2025 मध्येच बंद झालं. तेव्हा एका ओळीत काय लिहू, ते आज रात्रीपर्यंत कळवा. कृपया विषय सोडून लिहू नका.

सचिव

---

प्रेषक: बापूकाका (ज्येष्ठ कट्टा)
विषय: उत्तर: शनिवारचा वर्ग, चिठ्ठीची पहिली ओळ

ताई, एका ओळीचा हट्ट सोडा. दोन चित्रं छापा, एक लॉक फोनचं, एक उघड्या फोनचं. 2020 मध्ये आम्ही घरोघरी फोन करून हे शिकवलं आहे. तेव्हा कळलं की खरी अडचण बटणाची नसते. फोन वाजला की माणूस दचकतो आणि घाईघाईने बोट कुठेतरी लागतं. म्हणून पहिली ओळ अशी असावी: "फोन वाजला की आधी नीट बघा. पुष्कळ वेळ वाजतो." घाई गेली की निम्मं काम होतं.

दुसरं. हा वर्ग कट्ट्याचा आहे. युवा विभागाने नावनोंदणीचा फॉर्म परस्पर पाठवला. त्यात "तुमचा ईमेल लिहा" असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. ज्यांच्यासाठी वर्ग आहे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ईमेल नाही. आधी आम्हाला विचारायला हवं होतं.

बापू

---

प्रेषक: युवा विभाग
विषय: उत्तर: उत्तर: शनिवारचा वर्ग, चिठ्ठीची पहिली ओळ

बापूकाका, ईमेलचा रकाना आजच काढतो. फॉर्म कार्यकारिणीच्या बैठकीत ठरला होता, परस्पर नाही.

पहिल्या ओळीबद्दल: दोन्ही प्रकार शिकवण्यापेक्षा एकच सवय लावू या. बोलणं संपलं की बाजूचं बटण दाबून स्क्रीन बंद करून ठेवायची. मग पुढचा कॉल बहुतेक वेळा लॉक स्क्रीनवरच येईल आणि "सरकवा" एवढंच लक्षात ठेवावं लागेल.

शिवाय वय झालं की बोटांची त्वचा कोरडी पडते आणि स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही. मग माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो, फोन त्याचा अर्थ वेगळाच घेतो. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये किती वेळ दाबलं म्हणजे लांब दाबणं धरायचं ते वाढवता येतं. आम्ही प्रत्येकाच्या फोनवर ते करून देऊ.

आणि एक सुचवतो. आयफोनच्या सुलभता विभागात कॉल आपोआप उचलण्याची सोय आहे, फेसटाइमलाही चालते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तशी सोय नाही. पण घरात ठेवायचे काही स्मार्ट डिस्प्ले असे आहेत की परवानगी दिलेल्या माणसाचा कॉल थेट सुरूच होतो. ज्यांना फारच अवघड जातंय त्यांच्यासाठी हे का नको? मग शिकवायची गरजच उरणार नाही.

---

प्रेषक: ग्रंथालयवाल्या वहिनी
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारचा वर्ग

आपोआप सुरू होणारं काही नको. माझा ठाम विरोध आहे.

आमच्या सासूबाईंच्या खोलीत दिरांनी असाच डिस्प्ले ठेवला होता. हेतू चांगलाच होता, पडल्याबिडल्या तर दिसाव्यात. त्यांनी आठवडाभरात त्याच्यावर टॉवेल टाकला. कोणी विचारलं तर "धूळ बसते" म्हणायच्या. मला एकटीला एकदा म्हणाल्या, "मी केस विंचरत असते गं, आणि एकदम कोणीतरी बोलतं." सुरुवातीचे काही क्षण चित्र धूसर दिसतं हे मलाही माहीत आहे. पण खोलीचं दार न वाजवता आत येणं ते येणंच. आपण आपल्या आईच्या खोलीत असे शिरतो का? न उचलण्याचा हक्कही त्यांचाच आहे.

मंडळाच्या टॅब्लेट कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे आहे. मागच्या कार्यक्रमाला नेलेले चार्जर परत आलेले नाहीत. कोणी नेले ते कळवावं.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: चार्जर

नवे चार्जर या वर्षी घेता येणार नाहीत. आधी जुने शोधा.

---

प्रेषक: मराठी शाळा
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारचा वर्ग

वहिनी, तुमचं पटतं, पण सगळ्यांना एकच माप लावू नका. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. फोन वाजला तर तो आपल्यासाठी वाजतोय हेच तिला आता कळत नाही. तिला सांभाळणाऱ्या ताई कॉल उचलतात, त्या नसतील तेव्हा आपोआप उचलण्याची सोयच उपयोगी पडते. तिला समजत होतं तेव्हाच तिला विचारून ठेवलं होतं. विचारणं महत्त्वाचं, ते वेळेत करा एवढंच म्हणेन.

या आजारातल्या माणसांशी बोलताना काय करावं हे चिठ्ठीत कुठेच नाही, म्हणून लिहिते. "ओळखलंस का मला?" हा प्रश्न कधीही विचारू नका. घरी कोणी ना कोणी विचारतंच, प्रेमानेच विचारतं, पण तिच्यासाठी ती परीक्षा होते. उत्तर आलं नाही की तिचा चेहरा पडतो आणि पुढचं सगळं बोलणं त्यातच जातं. मी सुरुवातच करते, "आई, मी तुझी धाकटी बोलतेय." मग तिला आठवावं लागत नाही आणि ती मोकळी होते.

दुसरं, स्क्रीनच्या कोपऱ्यात आपलंच चित्र दिसतं ते शक्य असेल तर झाकून टाका. झूममध्ये ते लपवता येतं. आई त्या चौकटीकडे बघून "ही कोण म्हातारी आलीय मध्येच" म्हणत अस्वस्थ व्हायची. आता ते चित्र नसतं, तर ती माझ्याकडे बघते. बोलणं छोटं ठेवते. ती दमली की लगेच कळतं, नजर स्क्रीनवरून निघून जाते. मग मी ओढत नाही.

---

प्रेषक: बापूकाका (ज्येष्ठ कट्टा)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: शनिवारचा वर्ग

शाळेच्या बाईंचं पत्र चिठ्ठीत जसंच्या तसं घ्यावं.

एक भर: ठळक अक्षरात "मोठ्याने बोला" असं छापा. अर्ध्या तक्रारी ऐकू न येण्याच्या असतात.

बापू

---

प्रेषक: श्रवणतज्ज्ञ सभासद
विषय: मोठ्याने बोलण्याबद्दल

काका, ते मात्र छापू नका, विनंती आहे. मी रोज हेच काम करतो.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती निसटतात. म्हणून "ऐकू येतंय पण कळत नाही" ही तक्रार असते आणि ती अगदी खरी असते. ओरडलं की स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात, वर स्पीकर फाटतो. सावकाश आणि सुटं बोला. एका वेळी एकानेच बोला. लहान नातवंडांचा आवाज मुळातच उंच, त्यात दोघं एकदम बोलायला लागली तर आजीला नुसता गलका ऐकू येतो. ती हसून मान डोलावते आणि आपल्याला वाटतं तिला कळलं.

ऐकण्यातलं जे निसटतं ते माणूस ओठ बघून भरून काढतो. म्हणून खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो. उजेड समोरून हवा. फोन हातात घेऊन चालत बोलू नका. चित्र अडकायला लागलं तर व्हिडिओ बंद करून नुसतं बोला, आवाजाला फार कमी डेटा लागतो. श्रवणयंत्र ब्लूटूथवर फोनला जोडता येत असेल तर शनिवारी यंत्र घेऊन या, जोडून देतो.

---

प्रेषक: युवा विभाग
विषय: उत्तर: शनिवारचा वर्ग

सरांचा मजकूर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला घेतो.

आणखी एक विचार. शनिवारी सगळ्यांच्या फोनवर दुरून फोन चालवण्याचं एखादं अ‍ॅप टाकून देऊ या. मग काही अडलं तर मुलांना इथूनच सेटिंग बदलता येईल.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: शनिवारचा वर्ग

अजिबात नको. बँकेत काम केल्यामुळे सांगतो.

भामटे फोन करून पहिली गोष्ट हीच करायला सांगतात, "एक अ‍ॅप टाका, मी तुमचा फोन इथून नीट करतो." आपणच वर्गात ते शिकवलं, तर पुढच्या वेळी सांगणारा कोण आहे हे ते बघणारही नाहीत. काही दाखवायचंच असेल तर 2023 पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर करता येते. त्यात पलीकडच्याला फक्त दिसतं, हात लावता येत नाही. मुलाने बघून सांगायचं, बोट आईचंच चालायचं. शिकणंही तसंच होतं. पण हेसुद्धा फक्त घरच्या माणसाबरोबर, आणि त्या वेळी बँकेचं अ‍ॅप किंवा ओटीपीचा मेसेज उघडायचा नाही, कारण तेही पलीकडे दिसतं.

"डिजिटल अरेस्ट" वर शनिवारी पाच मिनिटं मला हवीत. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन "कॅमेरा बंद करू नका, कोणाला सांगू नका" म्हणतो आणि माणसं तासन्‌तास खुर्चीतून उठत नाहीत. भारतात अशी अटक कायद्यातच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्येही हेच सांगितलं. तिकडच्या आईवडिलांना सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक लिहून द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयता सेटिंगमध्ये अनोळखी क्रमांकांचे कॉल वाजूच नयेत अशी सोय आहे, ती लावून द्या. त्याआधी घरच्या सगळ्यांचे क्रमांक, परदेशातले धरून, सेव्ह केलेत का ते तपासा.

---

प्रेषक: नाना
विषय: आमच्या बाजूने

सर्वांची पत्रं वाचली. आमच्यासाठी इतकी माणसं वेळ काढून विचार करताहेत याचा आनंद वाटला. एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे.

कालपासून सगळी चर्चा फोन उचलायचा कसा याची चालली आहे. फोन लावायचा कसा, हे कोणीच लिहिलेलं नाही.

माझे थोरले बंधू तिकडे भारतात असतात. आमचं बोलणं होतं ते मुलगा लावून देईल तेव्हा. तो प्रेमाने लावून देतो, शेजारी उभा राहतो, मध्ये मध्ये "काकांना हे सांगा ना" म्हणून आठवण करतो. पण या वयात दोन भावांना जे बोलायचं असतं ते मुलांच्या देखत निघत नाही. तब्येतीचं खरं काय आहे, रात्री झोप का लागत नाही, वहिनी गेल्यापासून त्यांचा दिवस कसा जातो, हे मी विचारू शकत नाही आणि ते सांगू शकत नाहीत. "बरं आहे, बरं आहे" म्हणून आम्ही ठेवतो. मला मनात येईल तेव्हा, दार लावून, स्वतः लावता यायला हवा.

नातवाने मला दाखवलं की व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जवळची माणसं निवडून ठेवली की ती कॉलच्या पानावर सगळ्यात वर येतात. वर्गात प्रत्येकाला तेवढं करून द्या. फार नकोत, चार-पाच माणसं पुरेत. आणि सराव आम्हाला आपसात करू द्या, मुलांबरोबर नको. दोघंही शिकणारे असले की बोट चुकल्याची लाज वाटत नाही.

आणखी एक कारण आहे, ते मुलांना ठाऊक नसतं. आम्हाला लावता येत असला तरी आम्ही लावत नाही. तिकडे किती वाजले असतील, कामात असतील, अवेळी फोन आला म्हणून घाबरतील, असं मनात येतं. भारताची वेळ वर्षभर एकच असते, इथलं घड्याळ दोनदा बदलतं, तेव्हा तर सगळाच हिशेब चुकतो. फोनवर दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवता येतात, ती लावून द्या. आणि प्रत्येक मुलाने आपल्या आईवडिलांना एकदा स्पष्ट सांगावं की अमुक ते अमुक वेळात कधीही, काहीही कारण नसताना फोन करा. ते एकदा कानावर पडलं की आमचा हात फोनकडे जाईल.

आपला,
नाना

---

प्रेषक: मराठी शाळा
विषय: उत्तर: आमच्या बाजूने

नाना, आत्ता आईच्या ताईंना फोन करून सांगितलं की आईला माझी आठवण आली तर वेळ न बघता लावा.

---

प्रेषक: बापूकाका (ज्येष्ठ कट्टा)
विषय: उत्तर: उत्तर: आमच्या बाजूने

नानांच्या म्हणण्याप्रमाणे वर्गाचा पहिला अर्धा तास फोन लावण्याचाच ठेवू. कट्ट्यातल्यांच्या जोड्या मी लावतो. युवा विभागाच्या मुलांनी शेजारी बसावं, पण समोरच्याचा फोन हातात घेऊ नये. हे त्यांना कोणीतरी सांगावं, मी सांगितलं की राग येतो.

बापू

---

प्रेषक: युवा विभाग
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आमच्या बाजूने

राग नाही काका. हात मागे ठेवूनच बसू. जोड्यांची यादी मला पाठवा, बसण्याची व्यवस्था तशी करतो. दुरून फोन चालवण्याचं अ‍ॅप रद्द.

---

प्रेषक: सचिव
विषय: चिठ्ठी, शेवटचा मसुदा

चिठ्ठी आता दोन भागांत आहे. पहिला भाग "फोन लावणे", दुसरा "फोन उचलणे". दुसऱ्या भागाची सुरुवात बापूकाकांच्या ओळीने आणि खाली दोन चित्रं: लॉक असेल तर सरकवा, उघडा असेल तर दाबा. मागच्या बाजूला ऐकण्याबद्दलचा मजकूर आणि शाळेच्या बाईंचं पत्र. आपोआप उचलण्याची सोय वर्गात घेणार नाही, ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी बाईंशी स्वतंत्र बोलावं. खजिनदारांना शेवटची पाच मिनिटं. अक्षर मोठं ठेवलंय, त्यामुळे कागद मोठा लागेल.

दूरच्या सभासदांसाठी वर्ग झूमवरही असेल, मंडळाच्या खात्यावरून. मोफत खात्यावर बैठक 40 मिनिटांनी तुटते, म्हणून कोणी आपल्या खात्यावरून दुवा पाठवू नये.

वहिनी, टॅब्लेट आदल्या दिवशी चार्ज करायच्या आहेत. कपाटाची किल्ली शुक्रवारी युवा विभागाकडे देऊ शकाल का?

सचिव

---

प्रेषक: ग्रंथालयवाल्या वहिनी
विषय: उत्तर: चिठ्ठी, शेवटचा मसुदा

किल्ली माझ्याकडेच राहू दे. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः येऊन सगळ्या टॅब्लेट चार्जिंगला लावते. पण त्यासाठी चार्जर हवेत. ज्यांनी नेले त्यांनी गुरुवारपर्यंत ग्रंथालयात आणून ठेवावेत.