वर्गातलं बीस्टीचं पोस्टर उतरवलं, हे बरोबर झालं का?

दांडियाबाजारकर
आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मी शाळेतल्या मुलांना फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो. भिंतीवर तिच्या मस्कॉटचं, म्हणजे ओळखीच्या पात्राचं, बीस्टीचं पोस्टर होतं: लाल अंग, शिंगं, शेपटी, हातात त्रिशूळ, पायात स्नीकर. 'मुलांसमोर सैतान कशाला?' अशी काही पालकांची तक्रार आली आणि कमिटीने ते उतरवलं. मला हे अजिबात पटलेलं नाही.

त्या चित्राचा धर्माशी संबंध नाही. १८६७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने एक काल्पनिक जीव मांडला, त्याला पुढे 'मॅक्सवेलचा डीमन' हे नाव पडलं. वायूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेपाशी बसून तो वेगवान आणि मंद रेणू निवडून वेगळे करतो. त्यावरूनच १९६३ मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या प्रोजेक्ट मॅक या संगणक प्रकल्पातल्या लोकांनी पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमना डीमन म्हणायला सुरुवात केली. टर्मिनलवर प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी काढली की एसएसएचडी, सिसलॉगडी अशी नावं दिसतात. शेवटचा 'डी' तोच, डीमनचा. त्रिशूळ म्हणजे इंग्रजीतला फोर्क, काटा; आणि चालू प्रोसेसची प्रत काढण्यासाठी सिस्टीमला केलेल्या कॉलचं नावही फोर्कच. एका मुलीने विचारलं होतं, "फोर्कने एकाचे दोन होतात, मग टोकं तीन का?" असा प्रश्न कोऱ्या भिंतीकडे बघून सुचत नाही.

मांजलपूरची आई
तक्रार करणाऱ्यांत मी होते, म्हणून लिहिते. वर्गातल्या मुलांना तुम्ही समजावता, मान्य. पण त्याच हॉलमध्ये संध्याकाळी भजनी मंडळ बसतं. त्यांना कोण सांगणार? चित्राखाली एक ओळसुद्धा नव्हती. आणि खुद्द फ्रीबीएसडीने २००५ मध्ये स्पर्धा घेऊन नवा लोगो केलाच ना? चित्र लोकांना खटकतं हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. मग आम्ही बोललो तर आम्हीच अडाणी?

दांडियाबाजारकर
अडाणी मी कुणालाच म्हटलेलं नाही. लोगो बदलला, पण मस्कॉट म्हणून बीस्टी राहिला. आणि नव्या लोगोतल्या लाल गोळ्यालाही शिंगं आहेतच.

कारेलीबाग_चित्रकार
लाल अंग, शिंगं, शेपटी म्हणजे सैतान, ही सांगड ख्रिस्ती युरोपातली. आपल्याकडे त्रिशूळ शंकराच्या आणि देवीच्या हातात असतो. शेंदूर फासलेला म्हसोबा आपण वेशीवर बसवतो, कोकणात राखणदाराला नारळ देतात. डीमन शब्द ज्यावरून आला तो ग्रीकांचा डायमोनही माणूस आणि देव यांच्या मधला, बरावाईट दोन्ही. तेव्हा बडोद्याच्या मराठी घरांनी या चित्राला घाबरावं याचं मला नवल वाटतं.

पण दांडियाबाजारकर, तुमचंही मला पूर्ण पटत नाही. पुढे पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीमुळे गाजलेल्या जॉन लॅसेटरने १९८४ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सच्या, म्हणजे फ्रीबीएसडीच्या पूर्वजाच्या, मॅन्युअलच्या मुखपृष्ठासाठी हा डीमन काढला, तेव्हा शिंगं आणि शेपटी मुद्दामच घेतली. चेहरा गोड केला, पण रूप सैतानाचंच. बघणाऱ्याला त्यात सैतान दिसला तर तो सगळाच गैरसमज नव्हे. तो चित्रात आहे.

मांजलपूरची आई
हे बोललात ते बरं झालं. राखणदाराचं पटलं, पण राखणदार गावाने मिळून बसवलेला असतो. हे पोस्टर एकाने आणलं आणि टांगलं. हॉल सगळ्यांचा आहे.

सयाजीगंज_सर्व्हरवाला
नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात, म्हणजे या 'सैतानाचं' काम तक्रार करणाऱ्यांच्या घरातही रोज येत असेल. तरी माझं मत, वाद वाढवू नका. नेटबीएसडी या फ्रीबीएसडीच्या भावंड सिस्टीमने २००४ मध्ये जुनं डीमनचं चित्र सोडून साधा झेंडा घेतला. ओपनबीएसडी या दुसऱ्या भावंडाचा मस्कॉट पफी हा मासा आहे. पफी लावा, मुलांना आवडेल.

दांडियाबाजारकर
पफी ओपनबीएसडीचा, मी शिकवतो फ्रीबीएसडी. वाद नको म्हणून दुसऱ्याच प्रकल्पाचं चित्र लावलं तर मुलांना चुकीची ओळख होईल. चित्रकारांचं मात्र मान्य: शिंगं कुठून आली हेही मुलांना सांगायला हवं, नुसतं 'हा सैतान नाही' म्हणून भागणार नाही. आणि चित्राखाली मजकूर नव्हता, ही तक्रार रास्त आहे. डीमन म्हणजे काय आणि त्रिशूळ कशाचा, हे मोठ्या अक्षरांत छापून मी कमिटीकडे परत अर्ज देतोय.

मांजलपूरची आई
द्या. बैठकीला मीही येते. मजकूर मराठीत असेल आणि पोस्टर फक्त वर्गाच्या वेळेपुरतं लागणार असेल तर माझी हरकत नाही. कायमचं लावायला माझा विरोधच राहील.

दांडियाबाजारकर
वर्ग संपला की गुंडाळून ठेवायचं, हे मला मंजूर नाही. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. बैठकीत हेच मांडेन.