डहाणूच्या भूकंपांवर किशोर कादंबरी : भूशास्त्र आणि वारली पाडा, दोन्ही नीट यावं म्हणून

पाणकणीस :
दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी साहसकथा लिहितेय, साधारण २५ हजार शब्दांची. जागा डहाणू-तलासरीचा पट्टा. काळ नोव्हेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९, म्हणजे धुंदलवाडीच्या आसपास धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हाचा. नायिका बारा वर्षांची वारली मुलगी, सोबत तिचा धाकटा भाऊ आणि मुंबईहून आलेला एक मुलगा. सध्याच्या मसुद्यात तीन मोठे प्रसंग आहेत. मुलं घड्याळ लावून भूकंपाचं केंद्र किती लांब आहे ते काढतात, डोंगरात त्यांना जुन्या ज्वालामुखीचं तोंड सापडतं, आणि आजी भिंतीवर चौक (वारली भिंतचित्र) काढून पाड्याला धोक्याचा इशारा देते. यातलं काय टिकेल, काय काढावं लागेल?

काळा_कातळ :
घड्याळाचा प्रसंग आहे तसा टिकणार नाही, पण तोच तुमच्या पुस्तकाचा गाभा होऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

भूकंपाच्या दोन लाटा येतात. आधी प्राथमिक, मग दुय्यम. दोन्हींमधल्या सेकंदांना ८ ने गुणलं की नाभीपर्यंतचं, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे सुरू होतो त्या जागेपर्यंतचं, अंतर किलोमीटरमध्ये ढोबळमानाने मिळतं. पण डहाणूचे धक्के उथळ होते आणि गावं जवळजवळ त्यांच्या डोक्यावरच. नाभी १० किमीवर असेल तर दोन लाटांत सव्वा सेकंदाचं अंतर. घाबरलेलं पोर घड्याळाचं बटण दाबण्यातच पाव सेकंद चुकवतं, म्हणजे उत्तरात २ किमीची चूक. शिवाय मिळतं ते फक्त अंतर, दिशा नाही.

त्यामुळे मुलांच्या हाती तीन भूकंपमापकांच्या नोंदी पडू द्या. नकाशावर प्रत्येक यंत्राभोवती, त्याच्या नोंदीतून निघालेलं अंतर त्रिज्या धरून, दोरी आणि कोळशाने वर्तुळ काढायचं, १ सेंमी म्हणजे १ किमी. पाठ्यपुस्तकात तिन्ही वर्तुळं एका बिंदूत भेटतात. इथे भेटणार नाहीत, एकमेकांवर चढतील. मुलांना वाटेल आपलं गणित चुकलं. चुकलेलं नाही! वर्तुळं चढतात कारण नाभी जमिनीवर नसून खाली आहे. आता दोन-दोन वर्तुळं जिथे छेदतात ते बिंदू सरळ रेषेने जोडायचे. अशा तीन रेषा होतात आणि त्या एका ठिकाणी मिळतात, ते अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या थेट वरची जमिनीवरची जागा. प्रत्यक्षात एक लहानसा त्रिकोण उरतो, कारण नोंद वाचताना थोडी चूक होतेच. मग खोली काढायची. एका यंत्रापासून अपिकेंद्र ६ किमी आणि नाभी १० किमी असेल तर काटकोन त्रिकोणाने खोली ८ किमी. बारा वर्षांच्या मुलीला पायथागोरस येत नसेल तर त्याच प्रमाणात त्रिकोण काढून पट्टीने मोजू दे. माझ्या मते कळसाचा प्रसंग हाच. ज्वालामुखीच्या तोंडापेक्षा कितीतरी थरारक.

ज्वालामुखीचं तोंड मात्र काढा. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबलचक भेगांमधून वाहिला. शंकूसारखा डोंगर, वर खड्डा, आत गुहा असं चित्र इथे बसत नाही, आणि या भूकंपांचा जिवंत ज्वालामुखीशी संबंधही नाही. त्याऐवजी डाइक वापरा. भेगेत थिजलेल्या लाव्ह्याची ही उभी भिंत. पालघरच्या किनारपट्टीला अशा भिंती भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच उत्तर-दक्षिण धावतात. आजूबाजूचा खडक झिजला की काळी रांग उघडी पडते, मुलं ती धरून मैलभर चालू शकतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे कातळाला चिकटून धरलेल्या होकायंत्राची सुई सरकू शकते. वाट चुकवायला याहून खरं कारण मिळणार नाही. दहा पावलं दूर जाऊन पुन्हा सुई पाहायची, हा उपायही त्यांनाच सुचू दे.

पाणकणीस :
वर्तुळांचं अगदी पटलं, त्यावर नवं प्रकरण लिहिते. भूकंपांचं कारण कुठवर सांगू? आणि धक्का कसा दाखवू?

काळा_कातळ :
मालिका म्हणजे एक मोठा धक्का आणि मागून लहान-लहान, असं नसतं. सारख्या ताकदीचे अनेक धक्के येत राहतात, आठवडाभर थांबल्यासारखे वाटतात, पुन्हा सुरू होतात. म्हणून पुस्तकात कुणीही ‘आता संपलं’ किंवा ‘परवा येणार’ असं म्हणू नये. कारणांपैकी पावसाचं पाणी खोल भेगांत मुरून तिथला दाब बदलतो हे स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. ते ‘एक शक्यता’ म्हणूनच येऊ द्या.

उथळ धक्क्यात हादऱ्याआधी किंवा हादऱ्याबरोबर आवाज येतो, सुरुंग उडवल्यासारखा. मांडणीतली भांडी वाजतात, कौलं सरकतात, भिंतीला तडे जातात. जमीन फाटून माणसं गडप होत नाहीत. आणि ३.१ व ४.१ रिश्टरच्या धक्क्यांत ‘फक्त एकाचा’ फरक म्हणू नका, हालचाल दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते.

करवंदाची_जाळी :
आजीचा चौक कृपया काढा. वारल्यांत चौक लग्नाचा. सवाशिणी तो काढतात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी (लग्न लावणारी स्त्री) लग्नाची गाणी म्हणते. तो धोक्याची पाटी नव्हे. घराघरात बारा महिने भिंतभर चित्रं हाही बाजारातल्या चित्रांवरून झालेला गैरसमज. पुरुष मोठ्या प्रमाणावर चित्रं काढू लागले ते १९७०च्या दशकापासून, त्यात जिव्या सोमा म्हसे यांचं नाव सर्वांत पुढे. लग्नाचा प्रसंग घेतलाच तर साहित्य अचूक असू द्या : शेण किंवा गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्यही कधीही वाजवायचं नाही. त्याचा हंगाम भात पिकण्या-कापण्याच्या सुमाराचा, म्हणजे तुमच्या कथेच्या सुरुवातीलाच तो बसेल.

आजीला जाणतेपण द्यायचं आहे ना? मग ते घरात आहे. कुडाची भिंत म्हणजे लाकडी मेढींमध्ये कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लिंपा. ती हलकी असते, लवते. लिंपा गळतो पण माणूस सहसा दबत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद (मातीचं सपाट छप्पर) अंगावर आलं, म्हणून इतके जीव गेले. मुंबईचा मुलगा कुडाला ‘कच्चं घर’ म्हणेल आणि आजी त्याला भिंतीला हात लावून ती हलवून दाखवेल. मात्र कुडावर जड कौलं असली तर ती खाली येतात, तेव्हा दारातून पळताना डोकं झाकायचं हेही तिनेच सांगावं. आदिवासींना भूकंप आधीच कळतो, कुत्री-कावळे सांगतात, असलं काही घालू नका. त्यातून माणसं गूढ होतात, खरी राहत नाहीत.

पाड्याचं नाव कल्पित ठेवा. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ चा धक्का बसला, त्या दिवशी पळताना पडून एक चिमुरडी गेली. तिचं घर ओळखू येईल असं काही नको. थंडीत लोक घराबाहेर, तंबूत झोपत होते, तेवढं आलं तरी भय पोचतं. आणि वारली बोलीतले संवाद कोशातून जोडू नका. मसुदा डहाणू-तलासरीच्या किमान दोन वारली वाचकांकडून वाचून घ्या, मानधन देऊन, आणि चित्रकाराच्या हाती जाण्याआधी.

शाईचा_डाग :
बालसाहित्याच्या संपादनाच्या बाजूने थोडं. २५ हजार शब्दांत १८ प्रकरणं धरा, प्रत्येकी १४०० च्या आसपास. एका प्रकरणात एकच नवी कल्पना, आणि ती मुलांच्या चुकीतून यावी. यंत्र बसवायला आलेले काका पानभर समजावू लागले की वाचक पान उलटतो. त्यांना दोन वाक्यांवर रोखा, तिसरा प्रश्न मुलीला विचारू द्या.

यंत्राशेजारी भावाने उड्या मारल्या की पडद्यावरची रेषही उडते, हा छोटा प्रसंग पाचव्या प्रकरणाच्या आत घ्या. म्हशी गेल्या, ट्रॅक्टर गेला तरी रेष हलते. खरा धक्का आणि गोंगाट वेगळे करायला मुलं तिथे शिकली की काळा_कातळ म्हणतात ती वर्तुळं पुढे आपोआप पटतात. खूण सोपी आहे : उडी एकाच यंत्रावर दिसते, भूकंप काही सेकंदांच्या आत सगळ्यांवर.